हिरडीला टाके पडल्यावर घरी कसं राहायचं

हिरडीचं ऑपरेशन खुर्चीत दुखत नाही. दुखतं ते भूल उतरल्यावर, आणि तोवर पेशंट घरी पोचलेला असतो. म्हणून आमच्या दवाखान्याचा मोबाईल दुपारी गप्प असतो आणि दिवेलागणीला वाजायला लागतो. मी इचलकरंजीत हिरड्यांच्या एका डॉक्टरबाईंकडे मदतनीस आहे. खुर्चीशेजारी उभी राहून थुंकी ओढायची नळी धरते, ट्रे लावते, टाके काढायच्या तारखा लिहिते, आणि तो मोबाईल माझ्याच पर्समध्ये असतो. मी डॉक्टर नाही. औषध वाढवायचं की बंद करायचं हे बाईच सांगतात. पण त्यांनी दिलेल्या चिठ्ठीचं घरी गेल्यावर काय होतं, ते फोनवर मला कळतं.

ते ऐकून ऐकून माझं मत पक्कं झालंय. जखम स्वतःहून जेवढा त्रास देते त्याहून जास्त त्रास माणूस तिला देतो. आरशासमोर ओठ ओढून बघायचं, जिभेनं टाका चाचपायचा, सारखं थुंकायचं, शेजारणीनं सांगितलं म्हणून लवंगेचं तेल लावायचं. घरी तुम्हाला दोनच कामं नीट करायची आहेत: गोळी वेळेवर घेणं आणि जखमेच्या वाटेला न जाणं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त होतं ते फ्लॅप ऑपरेशन. हिरडी थोडी उघडून दाताच्या मुळांवर बसलेलं कीटण खरवडून काढतात, आतला पू आणि सडका भाग साफ करतात आणि टाके घालून हिरडी परत बसवतात. काही वेळा वरून गुलाबी लेप लावतात, त्याला पॅक म्हणतात. पुढचं सगळं मुख्यतः याच ऑपरेशनचं आहे. तोंडातल्या टाळूची कातडी काढून हिरडीवर लावली असेल तर एक गोष्ट वेगळी असते, तिच्याबद्दल नंतर.

पहिली संध्याकाळ

भूल दोन ते चार तास राहते. तेवढ्यात गरम चहा पिऊ नका. पोळलं तरी कळत नाही आणि ओठ चावला गेला तरी कळत नाही. मात्र भूल पूर्ण उतरायची वाट बघत गोळी लांबवू नका. पहिली गोळी भूल असतानाच पोटात गेलेली बरी. कळ चढल्यावर घेतलेल्या गोळीला असर दाखवायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि तो अर्धा तास फार मोठा वाटतो. गोळीआधी पोटात काहीतरी हवं, म्हणून थंड दूध किंवा दही-भाताचे चार घास न दुखणाऱ्या बाजूनं हळू खा.

गोळ्यांचा हिशोब नीट समजून घ्या, कारण गोंधळ इथेच होतो. कॉम्बिफ्लामच्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. डोलो ६५०मध्ये पॅरासिटामॉलच असतं, क्रोसिनमध्येही तेच. एका गोळीनं भागलं नाही म्हणून घरातल्या डब्यातली दुसऱ्या नावाची गोळी घेतली, तर तेच औषध पुन्हा पोटात जातं. धडधाकट मोठ्या माणसासाठीही चोवीस तासांत पॅरासिटामॉलची वरची हद्द ४ ग्रॅम आहे. लिव्हरचा त्रास असेल किंवा रोज दारू असेल तर हद्द आणखी खाली येते. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला जोडीनं घेतली तर हिरडीचं दुखणं बहुतेकांचं आवाक्यात राहतं. पण किडनीचा आजार, पोटात अल्सर, दमा किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनानं घेऊ नका. दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन तर नकोच, त्यानं रक्त जास्त वाहतं. हृदयासाठी म्हणून रोज घेता ती छोटी अ‍ॅस्पिरिन वेगळी. ती ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

आमच्याकडे यंत्रमागावर रात्रपाळी करणारे पेशंट खूप. ‘सकाळी एक, रात्री एक’ असं लिहून दिलं की ते सकाळी झोपतात आणि गोळी चुकते. त्यांना मी चिठ्ठीवर घड्याळाची वेळ लिहून देते आणि मोबाईलला गजर लावायला सांगते. पहिले दोन दिवस दुखो न दुखो, सांगितलेल्या वेळेला गोळी. तिसऱ्या दिवसापासून बहुतेकांना दुखलं तरच लागते.

बर्फ पहिल्या दिवशी सगळ्यात कामाचा. गालावर बाहेरून, फडक्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा आणि तेवढाच वेळ काढायचा. जागे असाल तोवर हे चालू ठेवा, दुसऱ्या दिवशीही चालेल. नुसता बर्फ कातडीला लावू नका. घरात बर्फ नसेल तर शाळेबाहेर मिळणारी बर्फाची पेप्सी आणा आणि रुमालात गुंडाळून गालावर धरा, गालाच्या आकाराला बरोबर बसते. नातवंडांच्या हाती लागणार नाही एवढं बघा. अठ्ठेचाळीस तासांनंतर बर्फाचा उपयोग नाही. तेव्हा जबडा आखडल्यासारखा वाटत असेल तर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल बाहेरून धरा.

झोपताना दोन उशा घ्या, डोकं उंच ठेवा. उशीवर जुना टॉवेल टाका, कारण रात्री लाळेबरोबर थोडं रक्त गळतं आणि अभ्र्याचा डाग जात नाही. ओठाचे कोपरे ऑपरेशनच्या वेळी ताणले जातात आणि फाटतात. त्यांना तूप किंवा व्हॅसलीन लावून झोपा. एवढीशी गोष्ट, पण दुसऱ्या दिवशी तोंड उघडताना फरक कळतो.

रक्त

‘मॅडम, बेसिन लाल झालंय,’ असा फोन हमखास येतो. पहिल्या दिवशी लाळ गुलाबी दिसणारच. थेंबभर रक्त तोंडभर लाळेत मिसळलं की पेलाभर वाटतं. आणि थुंकून थुंकून ते वाढतं, कारण थुंकताना तोंडात जो ओढा तयार होतो त्यानं जखमेवर जमलेली गुठळी निघून येते. म्हणून थुंकायचं नाही, लाळ गिळायची. किळस वाटत असेल तर मान वाकवून तोंड उघडा आणि लाळ आपोआप पडू द्या. याच कारणानं पहिले काही दिवस नळीनं काही प्यायचं नाही. शहाळंवाला सवयीनं नळी खोचतो. पाणी पेल्यात ओतून घ्या.

रक्त थेंब-थेंब येतच राहिलं तर स्वच्छ गॉज ओला करा, पिळा, घडी करून त्या जागेवर ठेवा आणि बोटानं किंवा दातांनी हलका दाब द्या. घड्याळ लावून वीस मिनिटं. मध्ये उचलून बघायचं नाही. दर दोन मिनिटांनी उचलून बघणाऱ्याचं रक्त थांबत नाही, आणि फोन तेवढे वाढतात. गॉज नसेल तर डिप चहाची पिशवी गरम पाण्यात बुडवून, गार करून, पिळून वापरा. चहातल्या टॅनिननं रक्त धरायला मदत होते. दोन वेळा असं करूनही रक्त वाहतंच असेल, तोंड भरून येत असेल, तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा.

पहिले तीन-चार दिवस भरलेला हंडा, गॅसची टाकी उचलणं, व्यायामशाळा, सूर्यनमस्कार बंद. रक्तदाब चढला की थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होतं. कपालभाती आणि शंख वाजवणंही त्यातच आलं. आमचे एक पेशंट गल्लीच्या मंडळात आरतीला शंख फुंकायचे. त्यांना टाके निघेपर्यंत झांजा दिल्या मंडळानं.

तिसऱ्या दिवसाचा गाल

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी माणसाला वाटतं, सुटलो. मग तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात गाल सुजलेला दिसतो आणि पुन्हा फोन. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरायला लागते. गालावर निळसर-पिवळा डाग दिसला तरी घाबरू नका, आत साकळलेलं रक्त आहे, आठवडाभरात जातं. घाबरायचं ते उलट क्रम दिसला तर. तीन दिवसांनंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढतेय, ताप १०१च्या वर जातोय, टाक्यातून पू येतोय, कमी झालेलं दुखणं पुन्हा ठणकायला लागलंय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. औषध घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या तर पुढची गोळी घेऊ नका, आधी फोन. आणि जबड्याखाली टणक सूज येऊन गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल, श्वास अडत असेल, तर आमच्या फोनची वाट न बघता १०८ लावा किंवा मोठ्या दवाखान्यात जा.

खायचं काय

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि बहुतेक वेळा पेशंट नव्हे, घरातली बाई विचारते.

‘मऊ’ एवढंच सांगून भागत नाही, हे मला फोडणीनं शिकवलं. वरण मऊ, भात मऊ, पण वरणावरची मोहरी पॅकखाली किंवा टाक्याशेजारी जाऊन बसते आणि रात्रभर टोचते. म्हणून पहिला आठवडा फोडणी गाळून, किंवा नुसतं तूप-जिरेपूड-हिंग. तीळ, खसखस, शेंगदाण्याचं कूट, काकडीच्या बिया, सुकं खोबरं, चिवडा, भडंग, फरसाण, भाकरीचा पापुद्रा हे सगळं बारीक किंवा टोकदार, ते नको. आंबट आणि तिखट चुरचुरतं: लिंबू, टोमॅटोचं सार, चिंचेची आमटी, खर्डा, लोणचं. ‘तांबडा नको, पण पांढरा रस्सा चालेल ना? तो तिखट नसतो,’ असं कोल्हापूरकडचा पेशंट विचारतोच. पांढऱ्या रश्श्यात मिरी असते, खसखस असते आणि तो उकळताच ओरपायचा असतो. टाके निघेपर्यंत दोन्ही रस्से बंद. मटणाचं अळणी पाणी गाळून, कोमट करून प्या, ते उत्तम.

चालतं ते असं: मऊ दही-भात, तांदळाची पेज, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, तूप-मेतकूट घालून गुरगुट्या भात, नाचणीची आंबील (ताक फार आंबट नको), चांगली शिजवून घोटलेली भोपळ्याची भाजी, कुस्करलेला बटाटा, पिकलेलं केळं, मऊ अंडाभुर्जी बिनमिरचीची, पनीर किसून, दुधात भिजवलेली पोळी. सगळं गार किंवा कोमट. साधं आइस्क्रीम चालतं, पण कोनातलं नको आणि सुकामेव्याचं नको. भरपूर पाणी प्या. तोंड कोरडं पडलं की दुखणं जास्त वाटतं.

आठवडाभर नुसत्या पेजेवर राहिलेले पेशंट टाके काढायला येतात तेव्हा चेहरा उतरलेला असतो आणि हिरडीही मंद भरत असते. भरून यायला प्रथिनं लागतात. डाळ, अंडं, दूध, पनीर, यातलं काहीतरी रोज पोटात जायलाच हवं.

साखरेच्या पेशंटनं इथे जास्त लक्ष द्यायचं. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना वाढवतात, त्यामुळे आमच्या खुर्चीत मधुमेही बरेच बसतात. इन्सुलिन किंवा गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि जेवण मात्र चार चमचे, असं झालं की साखर खाली जाते. घाम येतो, हात थरथरतात. ऑपरेशनच्या आधीच साखरेच्या डॉक्टरांना विचारून ठेवा की जेवण कमी झालं तर डोस कसा घ्यायचा. आणि आइस्क्रीमची सूट तुम्हाला नाही.

तोंड धुणं

पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ, जेवल्यावर आणि झोपताना. खळखळ करायची नाही. पाणी तोंडात घ्या, मान एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवा, आणि बेसिनवर वाकून तोंड उघडा. तेल तोंडात धरून घुसळायची सवय असेल तर ती टाके निघेपर्यंत बंद ठेवा.

डॉक्टर बहुधा क्लोरहेक्झिडीनचं माउथवॉश देतात. आपल्याकडे ०.२ टक्क्याचं मिळतं. साधारण १० मिलि, दिवसातून दोनदा, मिनिटभर तोंडात. पाणी घालायचं की नाही ते बाटलीवर आणि चिठ्ठीवर बघा. टूथपेस्ट आणि हे, यांत अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर पेस्टमधल्या फेसामुळे त्याचा जोर कमी होतो. त्यानंतर अर्धा तास चहा नको. काही दिवसांनी दातांवर तपकिरी डाग दिसतात आणि जेवणाला चव लागत नाही. दोन्ही तात्पुरतं आहे. डाग आम्ही पॉलिश करून काढतो. मात्र बरं वाटतंय म्हणून महिनोन् महिने वापरत राहू नका.

ऑपरेशन झालेल्या भागावर, डॉक्टर सांगेपर्यंत ब्रश नाही. बाकीचे दात मात्र रोज घासायचे. दुखतंय म्हणून सगळंच तोंड आठवडाभर न धुणारे भेटतात, आणि मग वास येतो तो जखमेचा नव्हे, न घासलेल्या दातांचा असतो.

लवंगेचं तेल, हळद, तुरटी, कापूर, कोरफड यांपैकी काहीही जखमेवर लावू नका. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल दुखऱ्या दाताला बधिर करतं हे खरं, पण उघड्या हिरडीला ते जाळतं. गोळी कुटून हिरडीवर दाबून ठेवणारेही आहेत. तिथे पांढरा चट्टा पडतो आणि आधीच्या जखमेत भाजल्याची भर पडते. हळद दुधातून घ्या, कोमट, हवी तेवढी.

मिश्री

याला वेगळी जागा देते, कारण आमच्या भागात हे बोललंच जात नाही. पुरुषाला डॉक्टर विचारतात, ‘तंबाखू खाता का?’ तो हो म्हणतो. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते ते त्यालाही माहीत असतं. आजीला विचारलं तर ती ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू नव्हे, दात घासायची पूड. भाजलेली, कुटलेली तंबाखूच आहे ती. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, हिरडीला रक्त कमी पोचतं आणि जखम भरायला वेळ लागतो. वर ती बोटानं चोळायची असते, म्हणजे टाक्यांवर रोज सकाळी घासणं.

‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही,’ हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता आधीच विचारते. त्याला उपाय आहे. उठल्यावर पेलाभर कोमट पाणी, रात्री दुधातून किंवा पाण्यातून इसबगोल. मिश्री सुटल्यावर पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप लागत नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ते सासूबाईंना समजून घेतील. चघळायचा निकोटिनचा गम ताज्या टाक्यांवर नको. त्याऐवजी कातडीला लावायची पट्टी चालेल का ते डॉक्टरांना विचारा. १८००-११-२३५६ हा सरकारचा तंबाखू सोडवणारा फोन आहे, पैसे पडत नाहीत. टाक्यांचे दिवस मिश्रीशिवाय काढलेल्या काही बायकांनी पुढेही ती लावली नाही, आणि बाईंनी त्यांना सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

दारूही गोळ्या चालू असेपर्यंत बंद. मेट्रोनिडॅझोल दिलं असेल तर त्यावर दारू मुळीच नको, जीव घाबरा होऊन उलट्या होण्याची भीती असते. ही गोळी चालू असताना तोंडाला लोखंडासारखी चव येते, ती औषधाचीच. अँटिबायोटिक सगळ्यांना लागत नाही. दिलं असेल तर पूर्ण घ्या, दिलं नसेल तर मागच्या वेळचं उरलेलं शोधू नका.

टाळूचा तुकडा घेतला असेल तर

खालावलेल्या हिरडीवर टाळूची कातडी लावतात तेव्हा हिरडीपेक्षा टाळूच जास्त छळते. गरम भज्यानं टाळू पोळल्यावर जशी हुळहुळते तशी, पण आठवडा-दोन आठवडे. डॉक्टरांनी टाळूवर बसणारी पातळ प्लेट दिली असेल तर जेवताना ती काढू नका. ती घासापासून वाचवायलाच आहे. धुवायची कशी आणि कधी ते विचारून घ्या. आणि लावलेल्या कातडीकडे ओठ ओढून बघू नका. ती तिथे रुजायला हालचाल अजिबात चालत नाही, ओठ ओढला की ती सरकते.

पॅक, टाके आणि नंतर

पॅकचा तुकडा पडला तर तो परत चिकटवायला जाऊ नका. चार-पाच दिवसांनी पडला आणि दुखत नसेल तर बहुधा चालतं, तरी फोन करून सांगा. पहिल्या दोन-तीन दिवसांत पडला, किंवा उरलेल्याची कड टोचत असेल, तर येऊन जा, दहा मिनिटांचं काम आहे. टाक्याचं टोक जिभेला लागतं म्हणून घरी कात्रीनं कापलेलं आम्ही बघितलंय. एक टोक कापलं की अख्खा टाका सैल होतो.

टाके साधारण सात ते चौदा दिवसांत काढतात. काढताना दुखत नाही, चिमटा बसल्यासारखं होतं. त्यानंतर आरशात दात लांब झालेले दिसतात आणि मधल्या फटी मोठ्या. दात वाढलेले नाहीत. सुजलेली हिरडी आता बसली, म्हणून मूळ थोडं उघडं दिसतंय. त्या उघड्या मुळांना गार पाणी झोंबतं. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट रोज वापरली तर काही आठवड्यांत झोंबणं कमी होतं, दोन दिवसांत मात्र नाही.

फटीत अडकलेलं काढायला काडी, सेफ्टी पिन, साडीची पिन वापरू नका. दातांमधल्या फटीचे छोटे ब्रश मिळतात, पण कोणत्या मापाचा ते टाके काढल्यावर आमच्याकडून बघून घ्या; जाड घातला तर हिरडी पुन्हा सोलते. पुढे दर तीन महिन्यांनी साफसफाईला बोलावतात, तेव्हा या. आणि टाके काढायला येताना बाकीचे दात घासून या, पोटभर जेवून या, मिश्री लावून येऊ नका. लावली असेल तर मला वासावरून कळतं.